दसऱ्याचं पाणी

—नाही, नाही, तो टॅब आधी बॅगेत घाला. टेबलावर ठेवलात की बघणाऱ्याला वाटतं हिलालशेठनं हो म्हटलं. मी हो म्हटलेलं नाही. मी बसा म्हटलंय, तेही तुम्ही पुण्याहून आलात म्हणून आणि बाहेर पाऊस आहे म्हणून. बसा म्हणणं वेगळं, हो म्हणणं वेगळं, एवढं तुमच्या पुण्यातही चालत असेल. काय नाव म्हणालात — मंदार. हां. तर मंदारभाऊ, मला आधी हे सांगा, गाडी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पेट्रोल पंपावर येतोच कशाला? ऑइल कंपनीचा येतो, ठीक आहे, त्याचा माल मी विकतो. मापवाला येतो, ठीक आहे, त्याचं ते कामच आहे. तुमचं काम गाडी विकली की संपलं. तर तुम्ही म्हणता, नाही शेठ, आमची नवी गाडी येतेय, पंच्याऐंशी टक्के इथेनॉलवर चालणारी — पण ते भरायला पंप नाहीत. पंप नाहीत म्हणून गिऱ्हाईक गाडी घेत नाही, गिऱ्हाईक घेत नाही म्हणून पंपवाला टाकी बसवत नाही, म्हणून तुम्ही दारोदार फिरताय, की बाबा तू आधी टाकी बसव. बरोबर? — मान हलवू नका. बरोबर असेल तर बरोबर म्हणा. माझं ऐकून नुसती मान हलवणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना मी पगार देतो.

आणि माझाच पंप का? सुरतेत काय पंपांचा दुष्काळ पडलाय? पर्वत पाटियाकडे जा, कडोदऱ्याच्या हायवेला जा, मोठमोठे पंप आहेत, काचेची ऑफिसं आहेत, गिऱ्हाइकाला कॉफी देतात. तिथे तुमच्या गाडीवाले लोक येतात. माझ्याकडे कोण येतं? डिंडोलीतली आमची माणसं येतात — लूमवर जाणारी, मार्केटमध्ये पार्सल टाकणारी, बायकोला मागे आणि पोराला पुढे बसवून बाइकवर येणारी. रिक्षा सगळ्या सीएनजीवर. कारवालेही निम्मे सीएनजीवर, सुरतेत स्वस्त काय आणि महाग काय हे जन्मलेल्या पोरालाही कळतं. इथे तुमचं पंच्याऐंशी टक्के कोण भरणार, मी? — आणि जागा कुठली मागता, तर ती हवेच्या मशीनची. ती एकच तर मोकळी जागा आहे मला. बरं, त्यावरून आठवलं, तुमच्या ड्रायव्हरला सांगा गाडी तिथून काढायला. केव्हाची तिथे उभी आहे, लोक हवा भरायला येतात आणि परत जातात. आमच्या पंपावरच्या उखानं मघाशी हात केला, पाण्याचा तांब्या दाखवला, तर काचसुद्धा खाली केली नाही त्यानं. इतका लाजाळू ड्रायव्हर मी नाही बघितला. तुम्ही काय सारखं तिकडे बघताय? पळून नाही जाणार तुमची गाडी.

हे बघा, खर्च कंपनी करणार, टाकी कंपनी बसवणार, मशीन कंपनी देणार, बोर्डावर माझं नाव मोठ्या अक्षरात लावणार — हे सगळं मी ऐकलं. ऐकलं म्हणून तर राग येतोय. एमनेम, उगाच फुकटात, कोणी काही देत नाही भाऊ, हे मला सुरतेनं शिकवलंय. मी अमळनेरकडून आलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. दुसऱ्याचे लूम चालवले, मग स्वतःचे चार टाकले, मग ते विकून हा पंप घेतला. हे काही फुशारकीनं सांगत नाही, सांगतो कशासाठी, की मी माल ओळखतो. सूत हातात घेतलं की मी सांगायचो ओलं आहे की कोरडं. आणि हे तुमचं इथेनॉल — हा माल मला पटलेला नाही. पेट्रोल होतं ते पेट्रोल होतं. त्यात तुम्ही उसाची मळी घातली, मका घातला, सडका तांदूळ घातला, आणि म्हणता देशाचं भलं. असेल भलं. पण नोझलपुढे जो माणूस उभा असतो ना, तो म्हणतो शेठ, ॲव्हरेज कमी झालं. तो म्हणतो शेठ, सकाळी किक मारावी लागते. तो तुम्हाला नाही म्हणत. त्याला तुम्ही कुठे राहता माहीत नाही. तो मला म्हणतो, कारण मी इथे बसलेला असतो.

आणि मी गप्प बसलेलो नाही, हेही ऐकून ठेवा. गेल्या दसऱ्यापासून मी या भागात प्रत्येकाला सांगितलंय की हे इथेनॉल खराब आहे. पंपवाल्यांच्या मीटिंगमध्ये उभा राहून बोललो. समाजाच्या कार्यक्रमात माइकवर बोललो, तिथे खरं तर मला शाल-नारळ द्यायला बोलावलं होतं. मोबाइलवर जेवढे व्हिडिओ येतात तेवढे मी पुढे पाठवतो. आता तुम्हीच सांगा, असा माणूस उद्या स्वतःच्या पंपावर तुमचं पंच्याऐंशी टक्के लावेल, तर लोक काय म्हणतील? लोक म्हणतील हिलालशेठला फिरवला. नाहीतर म्हणतील, गेल्या दसऱ्याला हिलालशेठ खोटं बोलला. — दसऱ्याला काय झालं? का, तुम्हाला माहीत नाही? चेहरा तर माहीत असल्यासारखा दिसतोय. बरं, नसेल माहीत तर माझ्याकडून ऐका, म्हणजे पुन्हा कोणत्या पंपावर टाकी मागायला जाताना दहा वेळा विचार कराल.

दसऱ्याला आमच्याकडे पूजा असते. लूम होते तेव्हापासूनची रीत आहे माझी — आदल्या दिवशी मशीन बंद, सकाळी हळद-कुंकू, फुलं, नारळ. पंप घेतला तेव्हा प्रश्न आला की इथे पूजा करायची कशी? निरांजन लावता येत नाही, अगरबत्ती लावता येत नाही, पेट्रोलच्या तोंडाशी दिवा कोण लावतो? मग भटजींनीच तोड काढली, की अग्नी चालत नसेल तर पाण्यानं करा. कलश करा, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडा, टाकीभोवती धार धरा. तेव्हापासून आमची पूजा पाण्याची. नोझलला झेंडूच्या माळा, डिपच्या काठीला हळदीची बोटं — डिपची काठी म्हणजे ती, टाकीत किती माल आहे ते बघायची, दाराआड उभी आहे बघा — आणि टाकीचं झाकण उघडून तिच्या तोंडाशी अक्षता. गावाकडे धान्याची कणगी आपण उघडून पूजतो की नाही? मिटलेल्या तोंडाला कोण कुंकू लावतं? झाकण उघडायचं, पूजा करायची, नारळ फोडायचा, आणि मग सगळं आवार पाइप लावून स्वच्छ धुवायचं, कारण कुंकू आणि फुलं चाकाखाली आली की चिखल होतो आणि बाइक घसरते. इतकी वर्षं हेच केलं. तेच झाकण, तोच पाइप, तोच तांब्या. काही झालं नाही. थोडंफार पाणी आत गेलंच तर ते तळाला बसायचं, उखा दुसऱ्या दिवशी काठीला पेस्ट लावून टाकायचा, पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलायचा, मग हातपंपानं तळातलं काढून टाकायचं. पेट्रोल वर, पाणी खाली. दोघांनी आपापली जागा सोडली नाही कधी.

मग तुमचं हे आलं. आणि आम्हाला कोणी सांगितलं का, की बाबांनो, या नव्या मालात पाणी खाली बसत नाही, हा माल पाणी पितो? परिपत्रक आलं होतं म्हणतात. इंग्रजीत. ते उखाला वाचता येत नाही आणि मला वाचायला वेळ नाही. तुम्ही मंत्र्यांना सांगितलं, शेतकऱ्यांना सांगितलं, टीव्हीवर सांगितलं — जो झाकण उघडतो त्याला नाही सांगितलं. गेल्या दसऱ्याला टाकीत माल कमी होता, सुट्टीमुळे टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. पूजा झाली. आवार धुतलं. पाइप जरा जास्तच वेळ चालला असेल, मी काही घड्याळ लावून बसलो नव्हतो. उखानं पेस्ट लावून काठी टाकली, रंग बदलला नाही. म्हटलं, कोरडं आहे, करा चालू. आणि दसऱ्याचा दिवस म्हणजे काय असतो सांगू का — नव्या गाड्यांचा दिवस. शोरूममधून गाडी निघते ती आधी देवळात जाते आणि मग माझ्याकडे येते. हार घातलेल्या गाड्या, पेढ्याचे पुडे, साडी नेसलेल्या बायका. पहिलं पेट्रोल हिलालशेठकडे टाकायचं, हातगुण चांगला आहे म्हणतात. म्हणायचे.

आणि त्या गाड्या, भाऊ, ओव्हरब्रिज चढायच्या आत बंद पडल्या. एक नाही, दोन नाही — रांग लागली. नवीकोरी गाडी, हँडलला हार, आणि नवरा ढकलतोय, बायको पदर खोचून मागून ढकलतेय, दसऱ्याच्या दिवशी. एक जण माझ्याच बिल्डिंगमधला, त्यानं वर्षभर पैसे साठवून गाडी घेतली होती पोरीच्या कॉलेजसाठी. ती पोरगी रडत होती रस्त्यात. सगळे परत इथे आले. हे आवार, हे जे तुम्हाला आता रिकामं दिसतंय ना, माणसांनी भरलं. कोणी माझी कॉलर नाही धरली, पण धरायचंच बाकी होतं. आणि मी काय म्हणालो? जे खरं होतं ते म्हणालो. मी म्हणालो, बाबांनो, मी काही मिसळलेलं नाही, वरूनच मिसळून येतं, हे इथेनॉल आहे, सरकारनं आणि कंपन्यांनी मिळून आपल्या माथी मारलंय. आणि लोकांना पटलं. शंभर टक्के पटलं. लोक तुमच्या नावानं शिव्या द्यायला लागले होते, मी पाण्याचे जग फिरवायला सांगितले होते, सगळं थंड झालं होतं.

तेवढ्यात एक शहाणा मधे पडला. होता एक — इंजिनिअर. कोण म्हणजे कोण, होता एक तिथे. त्यानं आत येऊन, या कपाटातून, तो काचेचा उंच जार घेतला, घनता मोजायचा असतो तो. गेला नोझलपाशी, त्यात माल काढला, आणि सगळ्यांच्या समोर जार टेबलावर ठेवला. म्हणाला, दोन मिनिटं थांबा. लोक थांबले. माल हळूहळू वेगळा झाला — वर एक थर, खाली एक. मग तो म्हणाला, हे खाली दिसतंय ते इथेनॉलनं ओढलेलं पाणी, दोघं मिळून तळाला बसलेत, आणि पंप तळातूनच खेचतो. इथपर्यंत ठीक होतं. इथे थांबायचं की नाही माणसानं? इथपर्यंत तो माझ्याच बाजूनं बोलत होता. पण नाही. कोणीतरी विचारलं, मग पाणी आलं कुठून, टँकरमधून? मी म्हणालो, हो, टँकरमधून. आणि तो म्हणाला, नाही. तो म्हणाला, टँकर काल परवा आलेलाच नाही. हे पाणी आपलं आहे. सकाळच्या पूजेचं.

सगळ्यांच्या समोर. मी जिथे बसतो त्या खुर्चीच्या समोर. जी माणसं मला रस्त्यात थांबून नमस्कार करतात त्यांच्या समोर. कळतं का तुम्हाला, एखाद्याला सगळ्यांसमोर खोटं पाडणं म्हणजे काय? खरं सांगायला बंद खोली नव्हती? रात्र नव्हती? इथे, या ऑफिसात, दार लावून म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं का? — नसतं ऐकलं, असू दे. पण म्हणायचं तर होतं.

हो, मग काय, मग मी त्याला म्हणालो ते म्हणालो. तुम्हाला काय करायचंय?

काय म्हणालात?

नाही, नाही, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा. ‘जाऊ द्या’च्या पुढे काय म्हणालात? आप्पा? — मला सगळी डिंडोली शेठ म्हणते. समाजात पाटील म्हणतात. बायको काहीच म्हणत नाही, नुसतं ‘ऐकलं का’ म्हणते. आप्पा म्हणणारा जगात एकच माणूस आहे. तुमच्या तोंडात हा शब्द आला कुठून, मंदारभाऊ? एक तास झाला तुम्ही शेठ-शेठ करताय आणि आता एकदम आप्पा? — खाली काय बघताय. इकडे बघा. आमचा चेतन तुमच्या कंपनीत आहे. मला माहीत होतं चाकणला कुठल्यातरी कार कंपनीत आहे, इंधनाचंच काहीतरी बघतो, पण मी कंपनीचं नाव विचारलं नव्हतं. कोणाला विचारणार? फोन मी घेत नाही. म्हणून माझाच पंप. म्हणून एवढ्या मोठ्या सुरतेत हिलाल पाटलाचाच पंप, आणि हवेच्या मशीनचाच कोपरा, कारण ती जागा रिकामी आहे हे त्याला इथे लहानाचा मोठा झाल्यामुळे माहीत. आणि तुम्ही मघाशी चहा सांगताना माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितलात. मी म्हटलं, पुण्याचा माणूस, हुशार आहे, वय बघून सांगितलं असेल.

तर ऐका मग. हाव, तो इंजिनिअर म्हणजे माझा मुलगा. सुट्टी काढून दसऱ्याला घरी आला होता. मी त्याला सगळ्यांच्या समोर म्हणालो, या पंपावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. पण तो गेला का? नाही गेला. बाह्या वर केल्या आणि उखाला घेऊन बसला, जेवढ्या गाड्या बंद पडल्या होत्या तेवढ्यांच्या टाक्या त्यानं स्वतः रिकाम्या केल्या, पुसल्या, बाजूच्या पंपावरून चांगलं पेट्रोल आणून भरलं. त्या रडणाऱ्या पोरीची गाडी सुरू करून दिली. माळा होत्या तशाच होत्या नोझलला, जेवण झालं नव्हतं कोणाचं. मी इथून, या काचेतून बघत होतो. एकदा वाटलं बाहेर जावं. नाही गेलो. काम संपलं, त्यानं हात धुतले, घरी जाऊन बॅग घेतली आणि स्टेशन. दिवाळीला आला नाही. अक्षय्य तृतीयेला नाही, आमच्याकडे तो मोठा सण, त्यालाही नाही. मी म्हणालो होतो पंपावर पाय ठेवू नको, त्यानं गावच सोडलं. एवढा राग? बापाच्या एका शब्दाचा एवढा राग धरतात?

त्याच्या आईला विचारा काय ते. परवा आमची कानबाई होती. तुम्हाला नाही माहीत, तुम्ही देशावरचे. नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते, सोमवारी नाचवत तापीवर नेतात. तिचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत — हा डबा टेबलावर आहे, तुमच्या नाकाला वास येत असेल, तरी मी तुम्हाला विचारलं नाही, ते म्हणूनच, नाहीतर माझ्याकडून कोणी उपाशी जात नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. कमल, त्याची आई, गहू घेत होती. माझ्या नावाची मूठ घेतली, आणि मग पुन्हा हात घातला. मी म्हटलं, कोणाची? ती वर न बघता म्हणाली, ‘त्याना वाटा शे तो.’ त्याचा वाटा आहे. मी म्हटलं, जो घरात नाही त्याचा वाटा कसला, लोक वेगळे झाले की रोटही वेगळे करतात. तर ती म्हणाली, वेगळे तुम्ही झालात, मी नाही झाले. आता त्याचे रोट स्टीलच्या डब्यात फडताळात ठेवलेत. मला हात लावू देत नाही. पौर्णिमा शनिवारी आहे. तोपर्यंत खाल्ले नाहीत तर काय करायचं, हे मी माझ्या आईला विचारलं असतं, ती असती तर. आमच्या घरात ही वेळच कधी आली नव्हती.

त्या झाकणाकडे काय बघताय? हो, तेच टाकीचं झाकण. कठडा केलाय भोवती, मग? वीतभर उंच केलाय, पाणी आत जाऊ नये म्हणून, त्यात काय एवढं. पावसाळा आहे. कोणीही करतं. — त्यानं सांगितलं होतं म्हणून केला असं कोण म्हणालं? त्यानं दसऱ्याच्या आधीच सांगितलं होतं हे खरं आहे, आल्या दिवशीच म्हणाला होता, आप्पा, झाकणाला कठडा घ्या, त्यावर कुलूप लावा, आणि जुनी पेस्ट चालणार नाही आता, इथेनॉलवाल्या मालाची पेस्ट वेगळी येते ती मागवा. मी म्हटलं होतं, तू गाड्या बघ, पंप मी बघतो. पेस्ट मागवली, हो, ती बघा खिडकीत. कुलूप पण आहे. चावी माझ्याच खिशात असते. हे सगळं मी माझ्या अकलेनं केलं, त्याचं नाव मधे आणू नका. आणि यंदा पूजा झाकण बंद ठेवून करणार, भटजींना सांगून झालंय. — पण हे त्याला जाऊन सांगायचं नाही. कळलं? एक शब्द नाही. त्याला वाटेल आप्पा नमले.

आता तुमचं काय ते. नाही म्हणजे नाही. तुमचं पंच्याऐंशी टक्के चांगलं असेल, वाईट असेल, मला आता त्याच्याशी घेणं नाही. मी माइकवर बोललोय. मी ज्यांना शपथेवर सांगितलं की पाणी टँकरमधून आलं, ते लोक रोज इथे पेट्रोल भरतात. उद्या इथे इथेनॉलचा बोर्ड लागला की पहिला तो बिल्डिंगमधला येईल, पोरीची गाडी घेऊन, आणि विचारणार नाही काही, नुसता बोर्डाकडे बघेल आणि मग माझ्याकडे. ते मला जमणार नाही. चेतनला म्हणावं, बाप हवा असेल तर बाप म्हणून ये, टाकी घेऊन येऊ नको. दुसऱ्याच्या हातून प्रस्ताव पाठवतो. बापाला प्रस्ताव पाठवतो. स्वतः यायला काय पाय —

तो उखा काय करतोय तिथे?

सरका जरा. काचेतून बघू द्या. तुमच्या गाडीपाशी उभा आहे. तांब्या हातात आहे आणि देत नाहीये. काच खाली झालीय म्हणजे. उखा एवढा वेळ ड्रायव्हरशी काय बोलतो, तो तर घरी बायकोशीही चार शब्दांच्या वर बोलत नाही. टोपी काढली त्यानं. डोळे पुसतोय की पाऊस — नाही, शेडखाली आहे तो, पाऊस नाही लागत तिथे.

मंदारभाऊ, तुम्ही गाडी स्वतः चालवत आलात, हो ना? ड्रायव्हर नाहीच आहे.

एक तासापासून तिथे बसलाय. उतरला नाही. दार उघडलं असतं, पाय खाली टाकला असता तर काय मी — नाही, मी म्हणालो होतो. पंपावर पाय ठेवायचा नाही. सगळ्यांच्या समोर म्हणालो होतो. त्यानं ठेवलेला नाही. गाडीत बसून आलाय, पाय गाडीतच आहेत. लहानपणीही असाच होता, उंबऱ्याच्या बाहेर जाऊ नको म्हटलं की उंबऱ्यावर बसून राहायचा संध्याकाळपर्यंत.

नाही, तुम्ही बोलवू नका त्याला. हात करू नका. मी शब्द मागे घेतलेला नाही, आणि घेणार नाही, इथे माणसं बघतायत. तुम्ही उठा आता. टॅब घेतलात? छत्री घ्या. जाऊन त्याला म्हणावं, गाडी हवेच्या मशीनपुढून काढ, लोकांचा खोळंबा होतोय. आणि इथून बाहेर पडलास की डावीकडे वळ, मागच्या गल्लीतून बिल्डिंगच्या दारापर्यंत गाडी जाते, त्याला माहीत आहे. म्हणावं, घर काही पंपात येत नाही. रोट डब्यात घालून चाकणला पाठवता येत नाहीत, ज्याचे त्यानंच बसून खायचे असतात. तुम्हाला तिथे फक्त चहा मिळेल, आधीच सांगतो.

निघा. मी येत नाही. मला धंदा आहे.